उन्हाकडे वळणारी झाडं, उन्हात टिकणारे रंग

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

युसूफ वडगावातून मी तुमच्याशी बोलतेय. स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, फक्त रेडिओ जरा जवळ घ्या. आज सांगायचं आहे ते ऐकता ऐकता हातातलं काम करता येईल.

परवा रथसप्तमी झाली. दारात सूर्याचा रथ काढला, गोवरीवर दूध उतू घातलं, संक्रांतीपासूनची हळदी-कुंकवं संपली. आता महिनाभरात होळी आणि मग रंगपंचमी. याच दिवसांत आमच्या गटात दरवर्षी एक प्रश्न निघतो, "औंदा घरचे रंग करून विकायचे का?" यंदा तो प्रश्न आणखी मोठा झाला आहे. काहीजणी म्हणतात, नुसते खेळायचे रंग कशाला, रुमाल, ओढण्या, पिशव्या रंगवू. म्हणून मी ठरवलं की या खेपेला झाडांच्या रंगाबद्दलच बोलायचं. आणि रंगाबद्दल बोलायचं तर सुरुवात सूर्यापासून करावी लागते.

सूर्यफूल तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या बीड, लातूर, धाराशिवच्या भागात वावरंच्या वावरं पिवळी दिसायची. आता त्या जागी सोयाबीन आलं. तरी कुणाच्या बांधाला, परसात चार झाडं असतातच. सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरतं, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धं खरं आहे. फिरतं ते कोवळं झाड. फुलाचा कळा धरलेला असतो, शेंडा वाढत असतो, तेव्हा सकाळी त्याचं तोंड पूर्वेला असतं आणि संध्याकाळी पश्चिमेला. आणि गंमत म्हणजे रात्री, सूर्य नसताना, ते हळूहळू परत पूर्वेला वळतं. पहाटे उठून बघा, ते आधीच पूर्वेकडे तोंड करून उभं असतं.

हे घडतं कसं? झाडाला मान नाही, सांधा नाही. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेकडे झुकतो. रात्री पश्चिमेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून तो परत येतो. म्हणजे वळणं हे वाढणंच आहे. म्हणूनच झाडाची वाढ थांबली, फूल पूर्ण उमललं, की फिरणंही थांबतं. मग ते फूल कायमचं पूर्वेकडे तोंड करून राहतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही कुंड्या उलट्या फिरवून फुलांची तोंडं पश्चिमेला केली. पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापली आणि त्यांच्यावर सकाळच्या वेळी सुमारे पाचपट मधमाश्या आल्या. आपण सकाळी कोवळ्या उन्हाला बसतो ना, मधमाशीलाही तसं ऊबदार फूल बरं वाटतं. मधमाशी आली तर दाणा भरतो. म्हणून फुलोऱ्यातल्या पिकावर सकाळी फवारणी नको, हे घरच्या माणसाला जरूर सांगा.

सूर्यफूल नसेल तर कापसाकडे बघा. कापसाची पानं सकाळी पूर्वेकडे कलतात, संध्याकाळी पश्चिमेकडे. सोयाबीन मात्र वेगळं वागतं. पाऊस ओढून धरतो, दुपारचं ऊन पडतं, तेव्हा त्याची पानं ऊन चुकवायला आडवी-तिरपी होतात आणि त्यांची फिकट, मागची बाजू दिसायला लागते. लांबून सगळं वावर पांढुरकं दिसतं. पानाच्या देठाशी एक गाठीसारखा भाग असतो, त्यात पाणी कमी-जास्त होऊन पान वळतं. म्हणजे कुणी ऊन घ्यायला वळतं, कुणी ऊन टाळायला. हे ध्यानात ठेवा. ऊन झाडाला जगवतं, पण झाडसुद्धा उन्हापासून जपून राहतं. रंगाचंही तसंच आहे.

आता एका तणाची गोष्ट. काळ्या रानात पिकं निघाली की जमिनीलगत एक करड्या पानांचं, लवदार झुडूप पसरतं. त्याला छोटी तीन फोडींची फळं येतात. ती फळं चुरडली की बोटं निळी-जांभळी होतात. लहानपणी आपण त्यानं खेळलोय. कुणी त्याला नुसतं गवत म्हणतं, पण पुस्तकात त्याचं नाव आहे सूर्यावर्त. सूर्यावर्त म्हणजे सूर्याबरोबर वळणारं. याच झाडाचं एक भावंड युरोपात उगवतं. फ्रान्समध्ये त्याला दिलेल्या नावाचा अर्थही "सूर्याकडे वळणारं" असाच आहे. दोन मुलखांतल्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकाच घरच्या झाडाला एकच नाव ठेवलं.

त्या भावंडाच्या फळांचा रस काढून युरोपातले लोक पूर्वी कापडाच्या चिंध्या त्यात बुडवायचे, वाळवायचे, परत बुडवायचे. रंग असा चिंधीत साठवून ठेवायचे. लागेल तेव्हा तुकडा कापून पाण्यात टाकला की निळा-जांभळा रंग तयार. त्यानं हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्यांची चित्रं रंगवली जायची. पुढे फ्रान्समधल्या एका गावाचा, ग्राँ-गालार्गचा, हा धंदाच झाला होता. गावचे लोक रानोमाळ फिरून ही झाडं गोळा करायचे, चिंध्या रंगवायचे आणि त्या हॉलंडला जायच्या. तिथे त्यानं चीजच्या गोळ्यांची वरची साल रंगवायचे. म्हणजे एका तणावर एक गाव कमावत होतं. मग मागणी गेली, धंदा बसला आणि त्याबरोबर ती हातोटीही विसरली गेली. त्या निळ्या रंगात नेमकं काय आहे हे पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी परत शोधून काढलं ते २०२० साली. त्यासाठी त्यांना जुन्या पोथीत लिहिलेली कृती वाचून, रानात जाऊन फळं तोडावी लागली.

ही गोष्ट मी दोन कारणांनी सांगितली. एक, पायाखालच्या तणातही रंग असतो. दुसरं, हातातली विद्या एकदा सुटली की परत मिळवायला फार वर्षं लागतात. पण सूर्यावर्ताची फळं तोंडात घालू नका, लेकरांना देऊ नका, अंगावर खेळायच्या रंगात घालू नका. ते झाड विषारी धर्माचं आहे.

आता माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं बारा ओढण्या हळदीत रंगवल्या. काय रंग आला होता! बघणाऱ्याचा डोळा ठरत नव्हता. एका प्रदर्शनात आठ ओढण्या हातोहात गेल्या. आम्हाला वाटलं, आता कापड आणा, आणखी रंगवा. पंधरा दिवसांनी एक बाई ओढणी घेऊन परत आल्या. साबण लागला तिथे लालभडक डाग पडले होते आणि दोरीवर वाळत घातलेली वरची बाजू पांढरट झाली होती. बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगायला पाहिजे होतं." आम्ही पैसे परत दिले. पुढच्या वर्षी त्या आमच्या टेबलासमोरून गेल्या, पण थांबल्या नाहीत. पैशाचं मला तेवढं वाटलं नाही, त्या न थांबल्याचं वाटलं.

आम्ही काय चुकलो? हळदीला चुना किंवा खार लागला की ती लाल होते, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. हळदीचं कुंकू त्याच गुणावर होतं. साबणातही खारच असतो. आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आम्हाला दोन्ही माहीत होतं, पण विकायच्या आनंदात विचारच केला नाही.

मैत्रिणींनो, रंग असणं वेगळं आणि रंग बसणं वेगळं. बिटाचा रंग बोटाला लागतो, कापडावर बसत नाही. हे आपल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. संस्कृत साहित्यशास्त्रात प्रेमाचे तीन प्रकार सांगताना रंगांचीच नावं दिली आहेत. नीळ, कुसुंब आणि मंजिष्ठ. निळीसारखं प्रेम फार दिसत नाही, पण जात नाही. कुसुंबासारखं प्रेम झगझगीत दिसतं आणि उडून जातं. मंजिष्ठेसारखं दिसतंही आणि टिकतंही. बघा, पंडितांनासुद्धा धोब्याचं गणित ठाऊक होतं.

आणि हे कुसुंब म्हणजे कोण? आपली करडई! जिची कोवळी पानं आपण भाजीला खुडतो, जिचं तेल घाण्यावरून आणतो, जी काट्यांमुळे बांधाच्या कडेला पेरतो म्हणजे जनावर आत शिरत नाही, तीच. कुसुंबी लुगडं हा शब्द तिच्यामुळे आला. जुन्या इजिप्तच्या थडग्यांतल्या कापडांवर करडईचा रंग सापडला आहे. जपानमध्ये तिच्या लाल रंगानं बायका ओठ रंगवायच्या. आज मराठवाड्यात ती तेलासाठी होते आणि पाकळ्या वाऱ्यावर जातात. पाकळ्या वेचायच्या तर फूल कोमेजून नारिंगी-लाल झाल्यावर वेचा, म्हणजे दाण्याला धक्का लागत नाही. काट्यांचा त्रास असतोच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्यांच्या करडईचे वाण काढले आहेत, त्यात हात घालणं सोपं जातं.

करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात लगेच उतरतो. लाल मात्र फार थोडा, १०० ग्रॅम पाकळ्यांत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पाकळ्या थंड पाण्यात परत परत धुऊन पिवळा काढून टाकायचा. मग राखेच्या निवळलेल्या पाण्यात किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात त्या चुरल्या की लाल सुटतो. त्यात कापड घालून वरून लिंबाचा रस पिळला की लाल रंग कापडावर चढतो. सगळं थंड पाण्यात, चुलीवर नाही. रंग देखणा येतो, पण ऊन आणि साबण त्याला सोसत नाहीत. विकायचा असेल तर हे सांगूनच विका.

मग कापडासाठी पक्का रंग कुठला? आपल्या हाताशी असलेले सांगते. डाळिंबाची साल, बाभळीची साल, हिरडा. हे तुरट असतात आणि तुरटपणाच कापडाला धरून ठेवतो. झेंडू मध्यम आहे, दसऱ्या-दिवाळीनंतरच्या माळा टाकून देण्यापेक्षा वाळवून ठेवा. बारतोंडीच्या मुळांपासून लाल रंग येतो, आपल्या देशात एके काळी त्याची शेती व्हायची. पण मूळ काढलं की झाड जातं, म्हणून ते सांभाळून.

एक कृती लिहून घ्या. कापड सुती, कोरडं वजन १ किलो. आधी सोडा आणि साबण घालून उकळून त्याची खळ पूर्ण काढा. खळ राहिली तर रंग डागाडागानं बसतो. मग २०० ग्रॅम हिरड्याची पूड २० लिटर पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवा. सकाळी पिळा, न धुता वाळवा. नंतर १५० ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात कापड तासभर बुडवा, परत वाळवा. मग डाळिंबाची वाळलेली साल ४०० ते ५०० ग्रॅम घेऊन तासभर उकळा, गाळा आणि त्या पाण्यात कापड पाऊण तास मंद आचेवर ढवळत ठेवा. त्याच पाण्यात थंड होऊ द्या. सावलीत वाळवा. दोन-तीन दिवसांनी धुवा. छान पिवळा रंग मिळेल. हिरवट-करडा हवा असेल तर लोखंडाचं पाणी लागतं. गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस भिजत ठेवायचे आणि ते पाणी थोडंसं वापरायचं. रंगवलेलं कापड त्यात दोन-चार मिनिटंच बुडवा, जास्त ठेवलं तर सूत कमजोर होतं.

रंगाची भांडी स्वयंपाकाला परत वापरायची नाहीत. आणि कुणी म्हणालं की मोरचूद घाला, रंग खुलतो, तर ऐकू नका. ते हाताला वाईट, पाण्याला वाईट, मग आपला रंग झाडाचा म्हणून विकायचा कुठल्या तोंडानं?

आता परीक्षा. नवीन रंग केला की त्याची एक पट्टी कापा. अर्ध्या पट्टीवर जाड पुठ्ठा घट्ट बांधा आणि आठ दिवस भर उन्हात ठेवा. नवव्या दिवशी पुठ्ठा काढा. झाकलेली आणि उघडी बाजू सारखी दिसली तर रंग पास. दुसरी पट्टी साबणानं पाच वेळा धुवा. तिसरी ओली करून पांढऱ्या कापडावर घासा. तिन्ही पट्ट्या वहीत चिकटवा, बाजूला तारीख आणि मापं लिहा. ज्या सूर्यानं फूल फुलवलं, त्याच सूर्याला परीक्षक नेमा. तो कुणाचं तोंड बघून मार्क देत नाही.

मग हळद, पळस, करडई वाया गेले का? नाही! कपड्यावर जो दोष, तोच अंगावर गुण आहे. रंगपंचमीला आपल्याला धुतल्यावर जाणाराच रंग हवा असतो. पळस आता फुलायला लागेल. फुलं सावलीत वाळवा, रात्रभर पाण्यात भिजवा, नारिंगी पाणी तयार. रंग गडद व्हावा म्हणून त्यात चुना घालू नका, अंगाची आग होते. कोरडा रंग हवा तर फुलांचा घट्ट काढा मक्याच्या पिठीत मळून सावलीत वाळवायचा, चाळायचा. डोळ्यात जाऊ देऊ नका आणि विकण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा.

म्हणून आमच्या गटानं यंदा ठरवलं आहे की दोन टोपल्या करायच्या. एकीत जाणारे रंग, रंगपंचमीसाठी. दुसरीत टिकणारे रंग, कापडासाठी. एका टोपलीतलं दुसरीत जायचं नाही. आणि प्रत्येक कापडाला चिठ्ठी बांधायची की रंग कशाचा, धुवायचं कसं, वाळवायचं कुठे.

पाण्याचाही हिशोब करा. १ किलो कापडाला तीन वेळा २०-२० लिटर लागतं, धुणं वेगळं. टँकरच्या दिवसांत हे काम करायचं नाही, पावसाळ्यानंतर ते संक्रांतीपर्यंत उरकायचं. हिरड्याचं आणि रंगाचं पाणी फेकू नका, त्यात दुसरा फिकट घाणा निघतो. किंमत लावताना सरपण, पाणी आणि आपले दोन दिवस धरा. आपले दिवस फुकट धरायची सवय आपल्याच मोडायची आहे.

आमच्या काहीजणी अजून ऊसतोडीवर आहेत, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतील. रंगानं कुणाचा कोयता सुटेल असं मी म्हणणार नाही, खोटी आशा दाखवणं म्हणजे हळदीची ओढणी विकणंच. पण हंगाम नसताना घरात बसून चार पैसे येतील आणि घेणारी बाई पुढच्या वर्षी टेबलाशी थांबेल, एवढं या कामात नक्की आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक पट्टी आणा. कुठल्याही रंगाची, अर्धी उन्हात ठेवलेली, अर्धी झाकलेली. रंग उडाला असेल तरी आणा, लाजू नका. उडालेली पट्टीही आपल्याला शिकवते.

बरं, चुलीवरचं बघा आता. नमस्कार.